डाव्या बाजूची पिन

शिवणयंत्रं दुरुस्त करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती माझ्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून बसते. मी शिंपी. माझी सगळी मशिनं तिच्या हाताखालून गेलेली आहेत. मशीन कसं कुरकुरतंय हे मी तोंडाने आवाज काढून दाखवायचो, ती मान तिरकी करून ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मास्तर, बिघाड मशीनमध्ये आहे की तुमच्या घशात?" एवढीच तिची चेष्टा. बाकी बोलणं बेताचं.

ती डाव्या पायाने लंगडते. खुबा मोडला होता, तो नीट बसला नाही आणि पाय आखूड राहिला. लहानपणीचं काही असेल असं मी धरून चाललो होतो. माणसाच्या पायाबद्दल आपण होऊन विचारू नये, म्हणून मी कधी विचारलंही नव्हतं.

एका दुपारी तिच्या दुकानात फोन वाजला. मी काज करत बसलो होतो, मला तिचंच बोलणं ऐकू येत होतं. "कुठली सायकल? हिरवी? नाही हो, ती तर केव्हाच भंगारात गेली... नाव कुणाचं लिहिलंय?" मी डोकावलो तर फोन ठेवून ती तेलाची बुधली हातात धरून नुसती बसली होती.

"मास्तर, टेम्पो मिळेल का कुणाचा?" ती म्हणाली. "सायकल क्लबची जुनी इमारत पाडतायत. कोठी रिकामी करताना माझी सायकल निघाली. पहारेकरी म्हणतो, नेता की देऊन टाकू."

"तुमची सायकल?"

"माझी शर्यतीची सायकल. भंगारात गेली होती. म्हणजे, ताई तसं म्हणाली होती."

टेम्पोतून येता येता तिने मला सगळं सांगितलं. इतकी वर्षं शेजारी बसून जे कळलं नव्हतं ते त्या एका फेरीत कळलं.

तिचे वडील कारखान्यात टर्नर होते. घराच्या मागच्या खोलीतही त्यांनी एक जुनं लेथ मशीन बसवलं होतं. कारखान्यातून आले की हातपाय धुवायचे आणि पुन्हा लोखंडाला भिडायचे. दोन मुली, मुलगा नाही. कुणी त्यावरून हळहळलं की म्हणायचे, "मुलगे पायांवर उभे राहतात, माझ्या मुली चाकांवर." दोघींना त्यांनी एकाच दुकानातून शर्यतीच्या जुन्या सायकली आणून दिल्या. थोरलीची निळी, धाकटीची हिरवी. बाकी दोन्ही सायकली अगदी एकसारख्या. धाकटीचे पाय इतके भरभर फिरायचे की वडील तिला भिंगरी म्हणायचे. घरात तेच नाव राहिलं. मीही इथे तिला तेच म्हणतो.

थोरली जिद्दीची, हिशोबाने सायकल चालवणारी. भिंगरीला हिशोब नव्हता, नुसता जोर होता. सरावात दोघी आलटून पालटून पुढे असायच्या. मग मोठ्या स्पर्धेसाठी निवडीची शर्यत लागली. जागा एकच होती, आणि वयाच्या अटीमुळे थोरलीला ती शेवटचीच संधी होती.

त्या शर्यतीसाठी वडिलांनी दोघींच्या सायकली तपासल्या. पेडलचा दांडा मधल्या आसाला जी धरून ठेवते ती करंगळीएवढी लोखंडी पिन, दुकानात तिला कॉटर पिन म्हणतात. पाचरीसारखी एका अंगाने तासलेली असते. ती दबली की पाय मारताना टकटक वाजतं, आणि अगदीच गेली तर दांडा आसावर गरकन फिरतो आणि पायाखालचं पेडल नाहीसं होतं. बाजारातल्या पिना मऊ लोखंडाच्या. म्हणून वडिलांनी चांगल्या पोलादातून स्वतः पिना तासल्या. स्वतःच्या कामाची खूण म्हणून प्रत्येक पिनेच्या डोक्यावर पंच मारून दोन ठिपके उठवले. थोरलीने त्या घेतल्या नाहीत. "घरगुती नकोत बाबा, मी कंपनीच्या आणल्यात," ती म्हणाली. वडील हसले आणि भिंगरीच्या सायकलला बसवून मोकळे झाले.

शर्यतीत शेवटच्या उतारानंतर भिंगरी सगळ्यांच्या पुढे होती. वळणावर ती उभी राहून जोर लावायला गेली आणि डावा पाय एकदम खाली गेला. ती दुभाजकाच्या कठड्यावर डाव्या अंगाने आदळली. थोरली तिच्या बाजूने निघून गेली आणि पहिली आली.

"ती थांबली नाही?" मी विचारलं.

"शर्यतीत कुणी थांबत नाही हो. मीही थांबले नसते." हे ती अगदी सरळ म्हणाली. तोवर तिच्या मनात बहिणीबद्दल काहीच नव्हतं.

दवाखान्यात वडील आले तेव्हा ती दुखण्याने बेभान होती. ती त्यांना म्हणाली, "बाबा, तुमची पिन गेली." थोरली तेव्हा खाटेच्या कडेला बसून तिचा चांगला पाय चेपत होती. नंतर वडिलांनी थोरलीपुढे हात पसरून ती पिन मागितली. लोखंडाने कुठे दगा दिला ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. थोरली म्हणाली, पिन रस्त्यात कुठेतरी निसटून पडली, आणि सायकल तर इतकी वाकडी झाली होती की क्लबवाल्यांनी भंगारात दिली.

वडील त्या उतारावर जाऊन रस्त्याच्या कडेने वाकून वाकून पिन शोधत फिरले. ज्या सळईतून पिना काढल्या तिचा उरलेला तुकडा त्यांनी कितीदा कापून पाहिला. पुढे त्यांनी घरचं लेथ विकलं. शेजारी कुणी साधा बोल्ट करून मागितला तरी म्हणायचे, "माझ्या हातचं वापरू नका." ते गेले ते तसेच गेले.

सायकल माझ्या दुकानामागच्या पडवीत उतरवली. मला वाटलं होतं वाकडातिकडा सांगाडा असेल. पण फ्रेम सरळ होती. पुढचं चाक थोडं बसकं आणि हँडलची एक बाजू घासलेली, एवढंच. भिंगरीने फ्रेमवरून बोट फिरवलं. "ही कुणी भंगारात देईल?" ती म्हणाली, आणि मग स्वतःच म्हणाली, "ताईचा काहीतरी घोटाळा झाला असेल. तेव्हा घरात कुणाचं डोकं ठिकाणावर होतं?"

तिने सायकल उभी करायचं ठरवलं. आम्ही ती दोराने आढ्याला टांगली आणि दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की ती तिथे बसू लागली. टायर हात लावताच भुगा होऊन पडले. चेन गंजून काठीसारखी ताठ झाली होती, ती रॉकेलमध्ये बुडवून ठेवली तरी वळेना, म्हणून नवी घेतली. मागच्या चाकाचे दाते झिजून मांजराच्या नखांसारखे झाले होते. चाकांतले छर्रे खडबडीत, ब्रेकचे रबर दगड. एक म्हातारा सायकलवाला तिच्या ओळखीचा होता, त्याच्या माळ्यावर जुन्या मापाचे टायर आणि दात्यांचा नवा संच निघाला. सीटचं चामडं तडकलं होतं, ते उसवून मी माझ्या जाड सुईच्या मशीनवर नवं शिवून दिलं. पुढचं चाक तिने स्वतः सरळ केलं, एकेक आरा छेडून आवाज ऐकत, मशीनचा ऐकते तसाच. रंग मात्र तिने हातात घेतला नाही. तो वडिलांनी ब्रशने दिलेला होता, ब्रशचे केस कुठे कुठे अडकलेले दिसायचे. त्यावर तिने नुसतं मेण घासलं.

पेडलचे दांडे तिने मागे ठेवले होते. एके दुपारी ते काढायला घेतले. मी सायकल धरून उभा होतो. उजवी पिन हातोडीच्या एका ठोक्यात सुटली. तिने ती फडक्याने पुसली आणि मला दाखवली. डोक्यावर दोन ठिपके. कुठे वाकलेली नाही, दबलेली नाही.

"बघा मास्तर. काल केल्यासारखी आहे."

मग ती डाव्या बाजूला आली आणि थबकली. तिथे भोक रिकामं असायला हवं होतं. पिन तर रस्त्यात पडली होती ना? पण पिन होती. गंजलेली, एका बाजूला चेपून दांड्यात रुतून बसलेली.

तिने तेल सोडलं, वाट पाहिली, हातोडी मारली. पिन काही निघेना. शेवटी गिरमिटाने पोखरून, ठोकून ठोकून काढली. तिने पिनेचं डोकं कानशीने हलकेच घासून गंज काढला. ठिपके नव्हते. तिने चष्मा पुसला, उजेडात धरून पुन्हा पाहिली. गुळगुळीत डोकं, आणि मऊ लोखंड लाकडासारखं दबलेलं. पिन आवळायच्या नटावर पकडीच्या दातांचे ओरखडे होते.

"नट पान्याने आवळावा तर ताई पकडीने आवळायची," ती म्हणाली. "बाबा नेहमी ओरडायचे."

तिने पिन फडक्यात ठेवली, हात धुतले आणि दुकान बंद करून निघून गेली.

थोरली गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. निवडीनंतर तिने मोठ्या शर्यती जिंकल्या, खेळाडू म्हणून नोकरी मिळाली, आता मुलींना शिकवते. आईही तिच्याकडेच असते. बाहेरच्या खोलीत भिंतीवर तिची निळी सायकल टांगलेली आहे, लखलखीत ठेवलेली. भिंगरी वर्षानुवर्षं त्या सायकलखालच्या सोफ्यावर बसून बहिणीशी गप्पा मारत आली होती. पुढे काय झालं ते तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

थोरलीने दार उघडलं. "ये, चहाच टाकत होते," म्हणून ती ओट्याकडे वळली. भिंगरी भिंतीपाशी गेली, वाकली आणि डाव्या बाजूच्या पेडलचा दांडा पाहिला. पिनेच्या डोक्यावर दोन ठिपके होते. पितळेच्या पॉलिशची पांढरी पूड त्यांत भरून राहिली होती.

"ताई, बाबांची पिन तुझ्या सायकलला कशी?"

थोरलीने गॅस बंद केला.

"तिथेच मला कळलं, मास्तर," भिंगरी मला म्हणाली. "'कुठली पिन' असं तिने विचारलंच नाही."

थोरली येऊन समोर बसली. "आदल्या संध्याकाळी माझी डावी पिन वाजायला लागली," ती म्हणाली. "दुकानं बंद झाली होती. सायकली क्लबात होत्या, चावी माझ्याकडे होती. तुझी पिन मी घेतली आणि माझी तुझ्या सायकलला घट्ट आवळून बसवली. मला वाटलं तू हलकी आहेस, तुला एवढी शर्यत निभावून नेईल."

"मला सांगायचंस. मी स्वतः काढून दिली असती."

"तू दिली असतीस, पण बाबांना कळलं असतं. मी त्यांच्या तोंडावर नको म्हटलं होतं. मग कुठल्या तोंडाने मागू?"

"म्हणून चोरलीस."

"मला वाटलं टिकेल ग. देवाशपथ वाटलं टिकेल."

"शर्यतीचं सोड," भिंगरी म्हणाली. "पायाचंही सोड. बाबांनी तुझ्यापुढे हात पसरला होता. तेव्हा तू काय सांगितलंस?"

थोरलीने भिंतीवरच्या सायकलकडे पाहिलं.

"मी त्यांना म्हटलं तुमची पिन गेली, तेव्हा तू माझा पाय चेपत होतीस. माझ्या तोंडून ते निघालं आणि तू तशीच चेपत राहिलीस."

"मी सांगणार होते," थोरली म्हणाली. "रोज सकाळी ठरवायचे. मग त्यांनी मशीन विकलं. त्यानंतर सांगण्यात काही अर्थ राहिला नाही."

"अर्थ होता. त्यानंतर खूप वर्षं जगले ते."

आतल्या खोलीच्या दारात आई येऊन उभी राहिली होती, चालायची चौकट धरून. "पुरे करा ग दोघी," ती म्हणाली. "झालं त्याला जन्म लोटला. मढं उकरून वास सुटतो, दुसरं काय होतं?"

भिंगरीने आईकडे पाहिलं. दोघी कशाबद्दल बोलतायत हे आईला समजावून सांगावं लागलं नव्हतं. कुणी तिला काही विचारलंही नव्हतं.

"आई, तुला माहीत होतं?"

आई हळूहळू येऊन खुर्चीत बसली. "दवाखान्यातच सांगितलं होतं तिने मला. तू शुद्धीवर नव्हतीस. ती रडून रडून लाल झाली होती." मग म्हणाली, "एक पोर पडलीच होती. दुसरीला मी माझ्या हाताने पाडू?"

"आणि बाबा?"

"माणसाला स्वतःची चूक सोसवते ग. पोटच्या पोरीची नाही सोसवत. मला तेव्हा असं वाटलं."

"आणि आता काय वाटतं?"

आईने पदराने चष्मा पुसला. "चहा घेऊन जा," ती म्हणाली.

थोरली उठली. "पिन काढून देते, थांब. घेऊन जा तुझी."

"राहू दे," भिंगरी म्हणाली. "माझी नव्हती ती. बाबांची होती. त्यांना द्यायची होतीस."

ती चहा न घेता आली.

पुढचे काही दिवस ती दुकानात यायची, काम करायची, पण मशीनचं झाकण उघडून नुसती बघत बसायची. मी माझ्याकडून विषय काढत नव्हतो. एकदा तीच म्हणाली, "मास्तर, दवाखान्यात माझे केस ताईने विंचरले. हे काम शिकायला मला तिनेच घातलं. पहिलं दुकानही तिनेच बघून दिलं. मी सगळ्यांना सांगायचे, बहीण असावी तर अशी. आता यातलं प्रेमाचं किती आणि त्या पिनेचं किती, कसं वेगळं करू?"

मी शिंपी माणूस. जुना कपडा उसवला की कापड कुठलं आणि अस्तर कुठलं ते मला लगेच कळतं. इथे शिवण कुठे आहे तेच दिसेना.

मध्यस्थी करायला थोरलीचे यजमान आले. भला माणूस. त्यांनाही हे आत्ताच कळलं होतं आणि त्यांचा चेहरा उतरला होता. "झालं गेलं विसरा," ते म्हणाले. "रक्ताचं नातं आहे. ती जेवत नाहीये."

"भावजी, तुम्ही तिला जेवायला घाला," भिंगरी म्हणाली. "मी तिच्यावर रुसलेले नाही. रुसलेल्याची समजूत काढता येते."

शेवटी थोरली स्वतः आली. एवढी नावाजलेली बाई, पण दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाइकासारखी उभी राहिली. भिंगरी एका मशीनचा पट्टा चढवत होती. तिने मान वर केली आणि पुन्हा पट्ट्याकडे पाहू लागली.

"तू म्हणशील ते करते," थोरली म्हणाली. "क्लबाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आहे, सगळे जुने लोक येणार आहेत. माईकवर उभी राहून सगळं सांगते. बक्षीस परत करते."

"कुणाला सांगणार?"

"सगळ्यांना."

"ज्याला सांगायचं होतं तो माणूस नाही. बाकीच्यांना सांगून तुझं मन हलकं होईल. ते माझ्या कामाचं नाही."

थोरली जायला वळली आणि थांबली. "आईची नवी औषधं सुरू झालीत," ती म्हणाली. "एकदा येऊन बघून जा."

"येते," भिंगरी म्हणाली.

ती जाते. थोरली शिकवणीला बाहेर पडते त्या वेळेला जाते, आईची नखं कापते, डोक्याला तेल लावते. आई इकडचं तिकडचं बोलते. एकदा आई म्हणाली, "तुझे बाबा त्या दिवसापासून माझ्या हातचं पोटभर कधी जेवले नाहीत." भिंगरी तेल लावत राहिली.

सायकल तिने पुरी केली. डाव्या बाजूला दुकानातली पिन घातली, म्हाताऱ्या सायकलवाल्याच्या माळ्यावरचीच, पण कानस लावून पोलाद पारखून घेतलेली. उजवीला वडिलांची आहे तीच ठेवली. पाय आखूड असल्याने डाव्या पेडलपर्यंत तो पुरेना. म्हणून तिने त्यावर लाकडाची फळी बसवली आणि मी वर चामड्याचा पट्टा शिवून दिला. पहिल्या दिवशी ती भिंतीला धरून बसली, घाबरलेली, ओठ घट्ट मिटलेले. मग भिंत सोडली. कोपऱ्यापर्यंत वेडीवाकडी गेली, पुढे सरळ झाली आणि वळून दिसेनाशी झाली. मी दुकान उघडं टाकून तिथेच उभा राहिलो. ती परत आली तेव्हा घामाने निथळत होती आणि खोकत होती. "दम गेला हो," ती म्हणाली. "पायांना अजून आठवतंय, छातीला नाही."

आता ती सकाळी दुकान उघडायच्या आधी एक फेरी मारते. चढावर उतरून चालते. उतारावर ब्रेक सोडवत नाही, असं स्वतःच सांगते. रस्त्यातली पोरं सायकल बघायला जमतात तेव्हा कौतुकाने थांबून एकेक भाग दाखवते.

परवा मी तिला विचारलं, "बाई, अजून राग आहे का ताईंवर?"

ती माझ्याच मशीनचा स्क्रू आवळत होती. "राग नाही मास्तर," ती म्हणाली. "राग असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. आता तिचं कुठलंच बोलणं खरं वाटत नाही. काल फोनवर म्हणाली, आज गुरुवार आहे, डॉक्टर बसतात. मी फोन ठेवला आणि कॅलेंडर बघितलं."

"मग?"

"गुरुवारच होता," ती म्हणाली, आणि मशीनचं चाक हाताने फिरवून बघू लागली.